कलिंगविजयानंतरचा अशोक



प्राथमिक शाळेत सम्राट अशोकाचा पाठ ज्या रीतीने शिकविला जातो, ती रीत सर्वत्र जवळजवळ सारखीच आहे. कलिंगाचे रणांगण, प्रेतांचा खच, स्त्रियांचा आक्रोश आणि मध्यभागी उभा असलेला राजा. त्याच्या हातून तलवार गळून पडते आणि त्याच क्षणी तो बौद्ध होतो. गोष्ट रंगते, मुले स्तब्ध होऊन ऐकतात आणि घंटा होताच गणिताचा तास सुरू होतो. परंतु एखादा विचारी विद्यार्थी हात वर करून विचारतो, "गुरुजी, मग त्याने कलिंग देश परत दिला का?" येथे पाठ अडखळतो. कोणी विषय बदलतो, कोणी 'दिला असेल' असे म्हणून वेळ मारून नेतो. दोन्ही मार्ग बरे नव्हेत. अशोकाने कलिंग परत दिले नाही, हे खरे उत्तर आहे. ते स्वच्छ सांगूनही अशोकाची थोरवी मुलांच्या मनात उभी करता येते काय, हाच आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

प्रथम अशोकाविषयी जे ठाऊक आहे ते कोठून ठाऊक झाले, हे पाहणे अवश्य आहे. बहुतेक प्राचीन राजांची माहिती इतरांनी लिहून ठेवलेली असते. भाटांनी स्तुती केलेली असते, शत्रूंनी निंदा. अशोकाचे तसे नाही. तो स्वतःच बोलतो. खडकांवर आणि दगडी स्तंभांवर त्याने आपले शब्द कोरवून ठेवले, आणि तेही संस्कृतात नव्हे, तर सामान्य जनांस कळेल अशा प्राकृतात. वायव्येकडील शाहबाजगढी व मानसेहरा येथे त्या प्रदेशाची खरोष्ठी लिपी वापरली. कंदाहार येथे तर ग्रीक व अरेमाइक अशा दोन भाषांतील त्याचा लेख १९५८ साली उजेडात आला. ज्याला सांगावयाचे त्याच्या भाषेत सांगावे, हे तत्त्व या राजाने बावीसशे वर्षांपूर्वी पाळले होते.

पुढे ती लिपी वाचणारा कोणी उरला नाही. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप याने ब्राह्मी लिपीचा उलगडा केला. त्याची रीत मुलांना अवश्य सांगावी, कारण ती कोड्यासारखी आहे. सांचीच्या स्तूपाच्या कठड्यांवर पुष्कळ लहान लहान लेख आहेत आणि त्यांपैकी बहुतेकांच्या शेवटी तीच दोन अक्षरे येतात. आजही देवळाच्या पायऱ्यांवर देणगीदारांची नावे असतात. तसेच हे असावे आणि शेवटचा शब्द 'दानं' असावा, असा त्याने तर्क केला. तर्क खरा ठरला, आणि द, न व अनुस्वार हाती लागताच उरलेली अक्षरे एकामागून एक सुटू लागली. लेखांतील राजा स्वतःस 'देवानंपिय पियदसि' म्हणवितो; तो अशोकच, हे सिंहलद्वीपातील पाली ग्रंथांच्या आधारे त्याच वर्षी जॉर्ज टर्नर याने दाखविले. तरी प्रत्यक्ष दगडावर 'अशोक' हे नाव सापडावयास १९१५ साल उजाडावे लागले. ते कर्नाटकात रायचूर जिल्ह्यातील मस्की येथे सापडले.

आता कलिंगाकडे वळू. कलिंग म्हणजे पूर्व समुद्रकाठचा, स्थूलमानाने महानदी आणि गोदावरी यांच्या दरम्यानचा प्रदेश. त्याचा मोठा भाग आजच्या ओडिशा राज्यात येतो. राज्याभिषेकास आठ वर्षे झाली असता, म्हणजे इ. स. पूर्व २६१ च्या सुमारास, अशोकाने तो जिंकला. त्याचा वृत्तांत तेराव्या शिलालेखात आहे. दीड लक्ष माणसे बंदी करून देशाबाहेर नेली, एक लक्ष तेथे मारली गेली आणि त्याच्या कितीतरी पट मेली, असे तो सांगतो. कलिंगाचा राजा कोण होता, त्याचे नाव लेखात नाही. तलवार गळून पडल्याचाही उल्लेख कोठे नाही. जे आहे ते याहून अधिक विचार करावयास लावणारे आहे.

आकडे देऊन अशोक थांबत नाही. जिंकल्या गेलेल्या देशात कोण राहत होते, हे तो मोजू लागतो. तेथे ब्राह्मण होते, श्रमण होते, निरनिराळ्या पंथांचे गृहस्थ होते. आईबापांची सेवा करणारे, वडीलधाऱ्यांचा व गुरुजनांचा मान राखणारे, मित्रांशी, आप्तांशी आणि नोकरचाकरांशी नीट वागणारे लोक होते. त्यांच्या वाट्याला वध आला किंवा प्रियजनांचा वियोग आला. याच्याही पुढे जाऊन तो म्हणतो की, ज्यांना स्वतःला इजा झाली नाही त्यांचे स्नेही व सोयरे संकटात पडले, म्हणून तेही घायाळच झाले. विजयी राजाने पराभूतांच्या घरात डोकावून त्यांच्या दुःखाची मोजदाद करावी, आणि जेवढे लोक मेले त्यांचा शंभरावा किंवा हजारावा भाग जरी पुन्हा तसा पीडिला गेला तरी ते आपणास फार जड वाटेल, असे दगडावर कायमचे लिहून ठेवावे, हे जगाच्या इतिहासात विरळा आहे. पुराणांतील आणि बखरींतील विजयाची वर्णने ज्या शिक्षकांनी वाचली आहेत, त्यांना यातील फरक निराळा सांगावयास नको. शाळेत रंगविल्या जाणाऱ्या आक्रोशाच्या चित्रापेक्षा हा उतारा सोप्या मराठीत सांगितला तर अधिक परिणाम होतो. त्यातील माणसे मुलांच्या ओळखीची असतात. आईबाप, मित्र, नोकर, गुरुजी.

दुसरी गोष्ट, हे परिवर्तन एका क्षणात झाले नाही. रूपनाथ, सहसराम, मस्की, ब्रह्मगिरी इत्यादी ठिकाणी जो लघु शिलालेख आहे, त्यात राजाने मोकळेपणाने सांगितले आहे की, आपणास उपासक होऊन अडीच वर्षांहून अधिक काळ लोटला, परंतु पहिले एक वर्ष आपण फारसा उद्योग केला नाही. पुढे वर्षाहून अधिक काळ संघाच्या सान्निध्यात आल्यावर मात्र जोमाने झटलो. एवढ्या मोठ्या साम्राज्याच्या धन्याने आपल्या आळसाचे वर्ष प्रजेपुढे मांडले! सिंहलातील महावंस या ग्रंथात त्याच्या परिवर्तनाचे श्रेय निग्रोध नावाच्या लहानग्या श्रामणेराला दिले आहे, कलिंगाच्या युद्धाला नव्हे. पूर्वीचा 'चंडाशोक' भावांचा वध करणारा होता, या कथाही धर्माचा प्रभाव मोठा दिसावा म्हणून पुढे वाढल्या असाव्यात. पाचव्या शिलालेखात त्याच्या भावांच्या व बहिणींच्या घरांचा उल्लेख आहे, तेव्हा सारे भाऊ मारले गेले हे मानणे कठीण आहे. गोष्ट म्हणून या कथा सांगण्यास हरकत नाही; इतिहास म्हणून सांगू नयेत.

फळ्यावर साधी ओळ आखून अशोकाची वर्षे मांडली तर मुलांस हा क्रम चांगला कळतो. अभिषेकानंतर आठव्या वर्षी कलिंग. दहाव्या वर्षी बोधिवृक्षाची यात्रा. बाराव्या वर्षी शिलालेख लिहविण्यास आरंभ. तेराव्या वर्षी धम्ममहामात्र या नव्या अधिकाऱ्यांची नेमणूक. विसाव्या वर्षी लुंबिनीस भेट व त्या गावाला करात सूट. सव्विसाव्या व सत्ताविसाव्या वर्षी स्तंभलेख. जवळजवळ वीस वर्षे हा माणूस एकाच कामाला लागलेला दिसतो. क्षणात बदललेला माणूस दाखविणे सोपे असते, वीस वर्षे प्रयत्न करणारा दाखविणे अवघड. पण वर्गात बसलेल्या मुलांपैकी कोणीही क्षणात बदलणार नाही, हे शिक्षकाहून अधिक कोण जाणतो?

मग त्या प्रश्नाचे काय? कलिंग परत दिले गेले नाही. तेथे तोसली येथे अशोकाचे अधिकारी बसले. बंदी करून नेलेल्या दीड लक्ष माणसांना घरी पाठविल्याचा शब्दही लेखांत नाही. त्याच तेराव्या लेखात अरण्यात राहणाऱ्या लोकांना तो समजावतो, परंतु आपल्याला पश्चात्ताप झाला असला तरी सामर्थ्य उरलेले आहे, याचीही जाणीव देतो. देहान्ताची शिक्षा त्याने बंद केली नाही. शिक्षा ठरलेल्या कैद्यांना तीन दिवसांची सवलत दिली, एवढेच चौथ्या स्तंभलेखावरून दिसते. आणि सर्वांत बोलकी गोष्ट अशी की, पश्चात्तापाचा हा तेरावा लेख खुद्द कलिंगात कोरलेलाच नाही. भुवनेश्वरजवळच्या धौली येथे आणि गंजाम जिल्ह्यातील जौगड येथे अकरावा, बारावा व तेरावा हे लेख गाळून त्यांच्या जागी दोन निराळे लेख घातले आहेत. ज्यांची माणसे मेली त्यांच्या दारात आपल्या दुःखाचे वर्णन करण्याचा त्याला संकोच वाटला, की जिंकलेल्या प्रजेला जुन्या जखमेची आठवण देणे राजनीतीच्या दृष्टीने त्याला धोक्याचे वाटले, याचा निकाल ज्याने त्याने करावा. वरच्या वर्गातील मुलांना हा प्रश्न अवश्य घालावा. त्यांची उत्तरे ऐकण्याजोगी असतात.

धौलीच्या त्या जागेवर जे लिहिले आहे, तेही कमी मोलाचे नाही. ज्या खडकावर लेख आहे त्याच्या माथ्यावर दगडातून पुढे येणारा हत्ती कोरलेला आहे. लेखात राजा तेथील अधिकाऱ्यांना बजावतो की, सर्व माणसे त्याला पोटच्या मुलांसारखी आहेत, आणि मुलांचे इहपरलोकी कल्याण व्हावे असे जसे वाटते तसेच सर्वांचे व्हावे असे त्यास वाटते. मग तो उपदेशावरून कारभारावर येतो. कोणी विनाकारण बंदीत पडतो, कोणी विनाकारण मार खातो. असे होऊ देऊ नका. आणि न्यायात समभाव का राहत नाही याची कारणे तो एकेक मोजतो: मत्सर, क्रोध, निष्ठुरपणा, उतावीळ, चिकाटीचा अभाव, आळस आणि थकवा. या यादीतील शेवटची नावे लक्षात घेण्यासारखी आहेत. अन्याय हा केवळ दुष्टपणाने होत नाही, दमलेल्या आणि कंटाळलेल्या माणसाकडूनही होतो, हे ज्याला कळले त्याने माणसे जवळून पाहिली होती. ही यादी शाळेत लावण्यासारखी आहे. तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्यांनीही जाता जाता तिच्याकडे एकवार पाहावे. शेवटी राजा सांगतो की, दर चार महिन्यांनी तिष्य नक्षत्राच्या दिवशी हा लेख वाचून दाखवावा, मधूनमधूनही वाचावा आणि ऐकावयास एकच माणूस असला तरी त्या एकासाठी वाचावा.

अशोकाचा 'धम्म' म्हणजे काय, हे सांगताना गोंधळ होण्याचा संभव असतो. तो स्वतः बौद्ध उपासक होता यात संशय नाही. बैराट येथे सापडलेल्या लेखात बुद्ध, धम्म व संघ यांवरील आपली श्रद्धा त्याने उच्चारली आहे आणि भिक्षूंनी व उपासकांनी कोणती सात प्रवचने ऐकावीत तेही सांगितले आहे. त्यांतील एक बुद्धाने राहुलाला खोटे बोलण्याविषयी केलेला उपदेश होय. परंतु सर्व प्रजेसाठी लिहिलेल्या मोठ्या शिलालेखांत निर्वाणाचे नाव नाही, चार आर्यसत्ये नाहीत. तेथे आहे ते असे: आईबापांची सेवा, सत्य, प्राण्यांविषयी संयम, दास व नोकर यांच्याशी योग्य वर्तन, गुरूंविषयी आदर, श्रमणब्राह्मणांना दान, थोडा खर्च आणि थोडा संचय. बाराव्या लेखात तो सर्व पंथांचा मान राखतो. स्वपंथाची स्तुती व परपंथाची निंदा करण्यात वाणीचा संयम हवा, कारण आपल्या पंथावरील प्रेमाने जो दुसऱ्याला कमी लेखतो तो आपल्याच पंथाची अधिक हानी करतो, असे त्याचे म्हणणे आहे. राजाची स्वतःची श्रद्धा एक आणि प्रजेस घातलेली शिस्त सर्वांची, हा भेद त्याने नीट राखला होता. सर्व धर्मांची मुले एकाच बाकावर बसविणाऱ्या शाळेला हे वेगळे समजावून सांगावयास नको.

पहिल्या शिलालेखातील स्वयंपाकघराची हकीगत मुलांना फार आवडते. पूर्वी राजाच्या पाकशाळेत रोज लक्षावधी प्राणी मारले जात. लेख लिहिते वेळी फक्त तीन मारले जात होते, दोन मोर आणि एक हरिण, आणि हरिणही नेहमी नव्हे. पुढे हे तीनही मारले जाणार नाहीत, असे तो लिहितो. मुले हसतात. हसू द्यावीत. परंतु नंतर विचारावे की, जो राजा अजून पुरते साधले नाही असे मोरांच्या संख्येसह लिहितो, तो खोटे बोलत असेल काय?

सातव्या स्तंभलेखात, आयुष्याच्या उत्तरार्धात, त्याने आपल्या साऱ्या उद्योगाचा आढावा घेतला आहे. वाटेवर वड लावले, आमराया लावल्या, विहिरी खणल्या, धर्मशाळा बांधल्या. मग तो म्हणतो की, धम्माची वाढ दोन रीतींनी झाली, नियमांनी आणि मन वळविण्याने. पैकी नियमांचे काम थोडे, मन वळविण्याचे मोठे. त्याचा शब्द 'निझति' असा आहे, म्हणजे विचार करावयास लावणे. हे एखाद्या कीर्तनकाराचे वचन असते तर आश्चर्य नव्हते. ज्याच्या हाती दंड होता, सैन्य होते आणि प्राणिवधाला बंदी घालणारे हुकूम ज्याने स्वतः काढले होते, त्याने सत्तावीस वर्षांच्या अनुभवानंतर हे लिहिले. वर्गात छडी ठेवावी की न ठेवावी, या वादात जे मुद्दे दोन्ही बाजूंनी मांडले गेले, त्यांत या मुद्द्याला मानाची जागा मिळावयास हवी होती.

महाराष्ट्राशी अशोकाचा संबंध ओढूनताणून जोडावा लागत नाही. पाचव्या शिलालेखात रठिक व अपरान्त यांची नावे येतात आणि तेराव्यात भोजांचे. अपरान्त म्हणजे कोकणपट्टी, आणि भोजांचा संबंध विदर्भाशी जोडला जातो. पाटलिपुत्राच्या संगीतीनंतर महाधम्मरक्खित हा स्थविर महारट्ठात आणि योनक धम्मरक्खित हा अपरान्तात धर्मोपदेशासाठी आला, असे महावंस सांगतो. आणि प्रत्यक्ष पुरावा सोपाऱ्याचा. पालघर जिल्ह्यातील नालासोपाऱ्याजवळ, जुन्या शूर्पारक बंदराच्या परिसरात, पंडित भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ साली आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. नवव्याचा तुकडा १९५६ साली सापडला. सोपाऱ्याचा लेखखंड मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात पाहावयास मिळतो. आठव्या लेखाचा विषय मोठा गोड आहे. पूर्वीचे राजे मृगयेसाठी विहारयात्रेस जात. अशोकाने तिच्या जागी धम्मयात्रा सुरू केली. तीत श्रमणब्राह्मणांचे व वृद्धांचे दर्शन घ्यावयाचे, त्यांना दान द्यावयाचे आणि खेड्यापाड्यांतील लोकांना भेटून त्यांच्याशी बोलावयाचे. मुंबईस सहल नेणाऱ्या शाळांनी राणीच्या बागेबरोबर हा दगडही पाहून यावा.

त्याच १९५६ साली, १४ ऑक्टोबर रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूर येथे लक्षावधी अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यासाठी निवडलेला दिवस अशोक विजयादशमीचा होता. पुष्कळ गावांतील मुलांना अशोकाचे नाव पाठ्यपुस्तकाच्या आधी घरीच ऐकू आलेले असते. वर्गात पाठ चालू असता अशा मुलांना बोलते करावे. त्यांच्या घरी सांगितले जाणारे इतरांनाही कळू द्यावे.

पाठासाठी साधने फारशी लागत नाहीत. खिशातल्या नाण्यावर सिंह आहेत. सारनाथच्या स्तंभशीर्षाचे मूळचे चार सिंह, परंतु समोरून तीनच दिसतात. चौथा कोठे गेला, हे मुलांनीच शोधावे. २६ जानेवारी १९५० रोजी ते भारताचे राजचिन्ह झाले. ध्वजावरील चक्राच्या चोवीस आऱ्या मोजावयास लावाव्यात. भारताच्या नकाशात धौली, गिरनार, सोपारा, मस्की, सारनाथ ही ठिकाणे टिंबांनी दाखवावीत, आणि कंदाहार दाखविण्यासाठी मोठा नकाशा मागवावा.

धुळाक्षरे गिरविणाऱ्या लहान वर्गांसाठी ब्राह्मी लिपी हीच उत्तम करमणूक आहे. तिच्यातील 'क' हा गणितातील अधिकाच्या चिन्हासारखा आहे, 'ग' हा घराच्या छपरासारखा, 'ठ' म्हणजे नुसते वर्तुळ आणि वर्तुळात टिंब दिले की 'थ'. देवनागरी याच लिपीतून कालांतराने उत्पन्न झाली. मुलांनी ही अक्षरे वाळूत काढल्यावर त्यांना चपडाची गोष्ट सांगावी. कर्नाटकातील ब्रह्मगिरी येथे जो लेख आहे, त्यात आईबापांची आज्ञा पाळावी, सत्य बोलावे आणि शिष्याने आचार्याचा मान ठेवावा असे सांगितले आहे. तो लिहिणाऱ्याचे नाव चपड. सारा लेख त्याने डावीकडून उजवीकडे ब्राह्मीत लिहिला; शेवटी आपले नाव घातले आणि 'लिपिकाराने' हा एकच शब्द मात्र उजवीकडून डावीकडे, वायव्येकडील खरोष्ठी लिपीत लिहून टाकला.